मूळ गावाचा रकाना

चंदीगडच्या एका कॉलेजात मी तीन वर्षं मुलींना समाजशास्त्र शिकवलं. शिकवलं म्हणजे नोट्स उतरवून दिल्या. अभ्यासक्रमात वंश आणि वांशिक समूह यांवर एक धडा होता आणि त्यासाठी माझी दोन ठरलेली वाक्यं होती. वंश म्हणजे दुसऱ्यांनी माणसाच्या अंगावर वाचलेली गोष्ट: कातडीचा रंग, नाक, केस, आणि त्यावरून ‘हे असलेच’ असं ठरवून मोकळं होणं. वांशिक समूह म्हणजे माणसं स्वतः सांभाळतात ती गोष्ट: भाषा, खाणंपिणं, सणवार, आपले पूर्वज कुठून आले त्याची कहाणी. मुली ते इंग्रजीत लिहून घ्यायच्या, खाली लाल रेघ मारायच्या, परीक्षेत जसंच्या तसं ओतायच्या आणि मी मार्क द्यायची. व्याख्या चूक नव्हती. पण ती मला कळलेली नव्हती, हे त्याच शहरातल्या एका पोलीस चौकीच्या लाकडी बाकावर माझ्या लक्षात आलं, आणि तोवर कळून काही उपयोग उरला नव्हता. ही आठवण मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. आता सांगते आहे तीही मोठ्या धैर्यानं नव्हे, लपवायचा कंटाळा आला म्हणून.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. यांची केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत बदली झाली आणि आम्ही सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खाली बाजार, चार पावलांवर बसस्टँड. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर आदल्या दिवशी मेलेल्यांचा आकडा असायचा. पहिले काही महिने मी तो वाचून हादरायची, नंतर आधी हवामान वाचायला लागले. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे शिपाई उभे असत. बस थांबवून, दाढी-पगडीवाल्यांना खाली उतरवून झडती घेत. उरलेले आम्ही खिडकीतून बाहेर बघत बसायचो, आणि खरं सांगायचं तर उशीर झाला म्हणून मनातल्या मनात उतरलेल्यांवरच चिडायचो.

आमचं मराठी मंडळ चाळीसेक घरांचं. सैन्यातली, हवाई दलातली, बँकांतली, केंद्राच्या कचेऱ्यांतली माणसं. आज इथं, तीन वर्षांनी आणखी कुठं. मी मंडळाची चिटणीस होते, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि दुसरं कुणी तयार नव्हतं. नाकाबंदी वाढली तेव्हा अध्यक्षांनी शक्कल काढली. प्रत्येक सभासदाला मंडळाचं ओळखपत्र द्यायचं. पिवळसर जाड कागद, फोटो, गोल शिक्का आणि चार रकाने: नाव, नोकरी, पत्ता, मूळ गाव. कायद्यानं त्याला काडीची किंमत नव्हती. पण नाक्यावर शिपायापुढे धरलं की तो रत्नागिरी, सातारा, नागपूर असं काहीतरी अडखळत वाचायचा, त्याचा चेहरा सैल पडायचा आणि “अच्छा, महाराष्ट्र से? जाओ जी” म्हणून हात हलवायचा. कार्डासाठी नियम एकच. मूळ गावाकडून ओळखणाऱ्या एका सभासदानं शिफारशीची सही करायची. सगळी कार्डं मीच माझ्या हातानं लिहिली. माझ्या स्वतःच्या कार्डावर मूळ गाव म्हणून मी ‘पुणे’ लिहिलं होतं. ते खोटं होतं. का ते पुढे सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडकलं.

तो पहिल्यांदा दिसला गणपतीत. भाड्याच्या हॉलमध्ये आरती सुरू होणार होती. दारात निळी पगडी घातलेला, उंच, भरघोस दाढीचा माणूस चपला हातात घेऊन उभा राहिला आणि टाळ वाजवणाऱ्यांचे हात थांबले. अध्यक्ष लगबगीनं पुढे झाले. “जी, बताइए, किससे मिलना है?”

“कुणाला न्हाई भेटायचं, साहेब,” तो म्हणाला. “आरतीला आलो. दर्शन घेऊ द्याल का?”

सगळ्यांना एकदम हसू फुटलं. सुटल्याचं हसू होतं ते. बायका कौतुकानं पुढे सरकल्या. “अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही! कुठं शिकलात?” त्यानं जरा विचार केला, कारण असला प्रश्न त्याला बहुधा जन्मात कुणी विचारला नव्हता. “शिकलो न्हाई,” तो म्हणाला. “घरात दुसरं कुणी काय बोलतच नव्हतं.” पुन्हा हसू झालं. मराठी माणसाला त्याच्या मराठीबद्दल शाबासकी देणारी आम्हीच. मी हसले नाही. पण त्याचा अर्थ मी शहाणी होते असा नव्हे. त्याचं पहिलं वाक्य मी ऐकताक्षणी ओळखलं होतं. ते बोलणं माझ्या घरचं होतं.

तो नांदेडचा. शीख, पण पंजाबी नव्हे. त्याचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी लाहोरच्या महाराजांनी निजामाकडे पाठवलेल्या फौजेतून आले आणि गोदावरीकाठीच राहिले. पाच-सहा पिढ्या तिथंच लग्नं, तिथंच सरण. गुरुद्वाऱ्यात गुरमुखी, अंगणात मराठी, बाजारात दखनी. केंद्र सरकारच्या एका कचेरीत तो ड्राफ्ट्समन होता आणि बढतीवर इकडं आला होता. “पंजाबात बदली म्हटल्यावर आमच्या गल्लीत पेढे वाटले,” तो एकदा म्हणाला. “वाटलं, चला, आपल्या मुळाला जायलो.” मुळाला येऊन पोचल्यावर घरमालकानं जात विचारली, जट्ट की रामगढिये? याला उत्तर येईना. याची पंजाबी ऐकून दुकानदार हसायचे. गुरुद्वाऱ्यात बायकोची साडी आणि कुंकू पाहून शेजारणीनं हळूच विचारलं, तू हिंदू आहेस का? सगळे गोडच बोलायचे म्हणे. पण इथल्यांना तो दक्खनचा कुणी वाटला आणि दक्खनवाल्या आम्हाला तो इथला वाटला.

यांची आणि त्याची चांगली गट्टी जमली. तो मला वैनी म्हणायला लागला, त्याची बायको ताई. तिला ज्वारीवाचून चैन पडेना. इथं ज्वारी म्हणजे हिरवी चारी, म्हशींचं खाणं; दाण्याची ज्वारी मागितली की वाणी विचारायचा, बहेनजी, कितनी भैंसें हैं? मग सासऱ्यांनी नांदेडहून पोतं पाठवलं. त्या भाकरीच्या पहिल्या जेवणाला आम्ही गेलो. कारळाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. पहिल्याच घासाला ठेचा टाळूला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माय माय! लई जहाल करायलाव की!”

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. यांनी ताटात बघितलं.

“वैनी,” तो हळूच म्हणाला, “तुमचं माहेर कुणीकडं?”

मी पुणं म्हणून मोकळी होऊ शकले असते. पण त्या भाकरीचा वास, डोळ्यांत आलेलं पाणी, काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. नांदेडपासून दोन कोसांवरचं गाव. वडील तिथं शाळामास्तर. मॅट्रिकपर्यंत मी तिथंच वाढले. दसऱ्याला नांदेडात गुरुद्वाऱ्याची निशाणं आणि घोडे निघायचे, ते पाहायला वडील आम्हाला बैलगाडीतून न्यायचे, आणि त्याच्याच गल्लीतल्या एका ओट्यावर बसून आम्ही दशम्या खायचो. मग कॉलेजला पुण्यात मावशीकडे आले. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या मुलींनी मला ‘जायलो, करायलो’ असं पुन्हापुन्हा म्हणायला लावलं आणि पोट धरधरून हसल्या. तीन महिन्यांत मी ती बोली घासून काढली. लग्न पुण्यातच झालं. सासूबाई पाहुण्यांना अभिमानानं सांगायच्या, आमची सून अजिबात तिकडची वाटत नाही हो. मलाही तो मोठाच सन्मान वाटायचा. कार्डाच्या रकान्यात ‘पुणे’ लिहिताना मी क्षणभरही थांबले नव्हते.

“मंडळात कुणाला बोलू नका हं,” मी म्हणाले.

त्याला ते विचित्र वाटलं असणार. ज्याला आपलं गाव ओरडून सांगायचं होतं आणि कुणी ऐकत नव्हतं, त्याला मी माझं गाव लपवायला सांगत होते. “न्हाई बोलणार,” तो म्हणाला. “तुमची मर्जी, वैनी.” बायकोनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

त्या हिवाळ्यात नाक्यांवर त्याला फार त्रास झाला. त्याचं काम साइटवर जायचं, दिवसाला दोनतीनदा बसमधून उतरावं लागायचं. पिंड कोणतं, म्हणजे गाव कोणतं, असं शिपाई विचारत. नांदेड म्हटलं की त्यांचा संशय वाढायचा. तिकडं काय, लपायला जाता का? एकदा त्याला तासभर थंडीत उकिडवा बसवला. हे त्याच्या बायकोकडून कळलं. आणि मग एका रविवारी तो आमच्याकडे आला, चहा घेतला, आणि पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. “वैनी, मंडळाचं ते पिवळं कार्ड मला मिळंल का? बाकी कशाला न्हाई. निस्तं दाखवायला. मूळ गाव नांदेड, एवढं लिहून द्या.”

“मिळेल की,” मी म्हणाले. “न मिळायला काय झालं?”

त्याच सुमाराला वर्गात मी तो धडा शिकवत होते. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या गळ्यात पांढरी ओढणी होती, त्या महिन्यात तिच्या घरात काहीतरी झालं होतं, काय ते कुणी विचारलं नव्हतं. “मैम, तो सिख रेस हैं या एथ्निक ग्रुप?” मी पुस्तकातलं उत्तर दिलं. शीख हा वंश नव्हे. केस, दाढी, पगडी या धारण करायच्या गोष्टी आहेत, जन्मानं येत नाहीत. ती म्हणाली, “पर मैम, बस में तो दूर से दिख जाता है।” तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटले. तिनं एका वाक्यात सांगितलेलं मला उमगायला वेळ लागला. बंदुकीमागून पाहणाऱ्याला धारण केलेलं आणि अंगचं यांत फरक दिसत नाही. त्याच्या नजरेत पगडीसुद्धा नाकासारखी जन्मजात होते. वंश असाच तयार होतो, नाक्यावर, वीस पावलांवरून. आणि जे खरोखर माणसाचं असतं, त्याची भाषा, त्याची ज्वारी, त्याची गल्ली, ते वीस पावलांवरून दिसत नाही. म्हणून तर मला माझं लपवता आलं. त्याला त्याचं दाखवूनही दिसेना.

कार्डाचा विषय कार्यकारिणीत निघाला. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात आम्ही सातजण, समोर पोहे. अध्यक्ष रत्नागिरीकडचे, मोठ्या हुद्द्यावरचे आणि मनानं खरोखर चांगले. ते म्हणाले, “माणूस सज्जन आहे, प्रश्नच नाही. पण शिपाई चेहरा बघणार, मग कार्ड बघणार, आणि त्याला वाटणार कार्डच बनावट. एका कार्डावरचा विश्वास उडाला की चाळीसांवरचा उडेल. बायकामुलं आहेत आपल्याला.” कुणीतरी म्हणालं, मराठी बोलतो म्हणजे लगेच मराठी का? यांनी विचारलं, मग आपण दुसरं काय करतो? त्यावर सगळे हसले आणि यांचा प्रश्न पोह्यांबरोबर गिळला गेला.

शेवटी अध्यक्षांनी नियम पुढे केला, आणि तोही चांगल्या मनानं, कारण त्यातून वाट निघावी असं त्यांना वाटत होतं. “नांदेडकडचं आपल्यात कुणी आहे का? सही करायला? असेल तर मी नाही म्हणणार नाही.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होते. मी लिहिलं: ‘नांदेडकडील कोणी सभासद नाही.’ मोत्यासारख्या अक्षरात. हे माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी ते वाचलं. परतताना स्कूटरवर एवढंच म्हणाले, “बोलायला हवं होतंस.” मी म्हणाले, पुढच्या बैठकीत बोलेन. खरंच बोलणार होते. निदान मला तसं वाटत होतं.

पुढची बैठक व्हायच्या आत, एका सकाळी त्याची बायको आमच्या दारात आली. पायात चप्पल नव्हती. “ताई, काल दुपारपासनं आले न्हाईत.” कचेरीतून कळलं ते असं. तो पाण्याच्या लाइनचे नकाशे घेऊन शहराबाहेर मुल्लानपूरच्या बाजूला निघाला होता. तेव्हा तिकडं नुसती शेतं आणि गावं. वाटेत नाक्यावर बस थांबली, दाढीवाल्यांना उतरवलं, आणि याच्या काखेत नकाशांची गुंडाळी. कुठल्या गावात कुठली विहीर, कुठली वाट, सगळं त्यात काढलेलं. बस त्याला तिथंच सोडून पुढे गेली होती.

हे प्रयोगशाळेच्या कामावर दिल्लीला गेले होते. मी अध्यक्षांना फोन केला आणि तो भला माणूस ताबडतोब गाडी घेऊन आला. कार्ड नाकारणारे तेच आणि धावून येणारेही तेच. चौकीत त्याच्या बायकोला बाहेर थांबवलं. आत अधिकारी चांगला बोलला, चहा मागवला. आम्ही आमची कार्डं काढून टेबलावर ठेवली. त्यानं ती शेजारी शेजारी मांडली: रत्नागिरी, पुणे. दुसऱ्या बाजूला तो निळ्या रेघांचा नकाशा पसरलेला होता.

“कहता है मराठी है,” अधिकारी म्हणाला. “हुलिया तो आप देख ही रहे हैं।”

त्याला आणलं. पगडी नव्हती, केस एका फडक्यात कसेतरी बांधलेले. एक डोळा सुजून मिटला होता आणि उजवा हात त्यानं डाव्या हातानं छातीशी धरला होता. मला पाहून तो ओळखीचं काहीच बोलला नाही.

“इनसे अपनी ज़बान में बात कीजिए,” अधिकारी अध्यक्षांना म्हणाला. “मैं सुनता हूँ।”

अध्यक्षांनी विचारलं, “काय झालं, सांगा बरं नीट.” आणि तो बोलत सुटला. घाबरलेला माणूस बोलतो तसा, भराभर, अस्सल घरच्या बोलीत. “साहेब, नकाशे साइटचे हायत, कचेरीचा शिक्का हाय त्यावर. ह्यांना सांगा की. ऐकूनच घेईनात, लई मारायलेत. माझी माय तिकडं, बाप तिकडं, समदी भावकी तिकडं. मी आणि कुठला असणार, साहेब?”

अधिकाऱ्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. “यही बोलते हैं आप लोग?”

अध्यक्ष विचारात पडले. ते खोटं बोलणारे नव्हते, आणि पोलिसांसमोर तर अक्षरही इकडचं तिकडं करणारे नव्हते. “है तो मराठी,” ते म्हणाले. “पर हमारी वाली नहीं है। हमारे यहाँ ऐसा नहीं बोलते। उधर की होगी।”

“उधर की, मतलब? आपके मंडल में कोई है उधर का?”

“नहीं, उधर का तो कोई नहीं।” हे त्यांनी माझ्याच इतिवृत्तावरून सांगितलं.

मग अधिकारी त्याच्याकडे वळला. “इनमें से कोई तुझे गाँव से जानता है? बोल। कोई भी।”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच, एका डोळ्यानं. त्यात विनंती नव्हती. तो फक्त विचारत होता, सांगू का? मी माझ्या कार्डाकडे पाहिलं. मी बोलणं म्हणजे ते कार्ड खोटं, आणि ते माझ्याच हातचं. मग बाकीची एकोणचाळीस कशावरून खरी, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. पण हे कारण मी नंतर तयार केलं. तेव्हा मला भीती वाटली नव्हती, लाज वाटली होती. शेजारी अध्यक्ष बसले होते आणि त्यांच्यासमोर मला ‘तिकडची’ व्हायचं नव्हतं. पुण्याच्या त्या वर्गातल्या मुली तिथं, त्या चौकीत, माझ्याभोवती उभ्या होत्या. इतकं क्षुल्लक कारण होतं.

“नहीं जी,” तो म्हणाला. “कोई नहीं।”

त्यानं मला दिलेला शब्द पाळला. त्याला आत नेलं. अधिकाऱ्यानं आम्हाला आमची कार्डं परत दिली आणि दारापर्यंत सोडायला आला. बाहेर बाकावरून त्याची बायको उठली आणि मी तिला सांगितलं, “कचेरीचं पत्र आलं की सोडतील.” मी त्याच बाकावर बसले आणि तिनंच मला पाणी आणून दिलं.

पत्र यायला पंधरा दिवस लागले. तो सुटला. उजव्या मनगटाची हाडं वाकडी जुळली होती. ड्राफ्ट्समनचा हात. डॉक्टर म्हणाले, पेन्सिल धरता येईल, रेघ सरळ येणार नाही. मी मंडळाच्या बैठकीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं, माझं गाव, ते इतिवृत्तातलं वाक्य, सगळं. कुणी रागावलं नाही. अध्यक्षांचे डोळे भरले. “आधी सांगायचंत ना हो,” ते म्हणाले आणि तिथल्या तिथं कोऱ्या कार्डावर शिक्का मारून दिला. मी ते लिहिलं. मूळ गाव: नांदेड. खाली शिफारशीची सही माझी, आणि सहीखाली माझ्या गावाचं नाव, आयुष्यात पहिल्यांदा. यांनी म्हटलं, कार्ड द्यायला मीही येतो. मी म्हणाले, नको, एकटी जाते.

त्यांचं सामान बांधून होत आलं होतं. तो नोकरी सोडून परत चालला होता. जिन्यातच बायको भेटली. तिनं आवाज उतरवून सांगितलं, “ताई, त्यांना जास्ती बोलू देऊ नका. आत मराठीत ओरडले की अजून मारायचे म्हणं. नाटक करायलास म्हणायचे. तवापासनं घरात बी नीट बोलंनात.” वर कचेरीतला एक पंजाबी सहकारी ट्रंकेला दोरी आवळत होता आणि तो डाव्या हातानं दोरीचं टोक धरून बसला होता. पगडी पुन्हा नीट बांधलेली होती. मला पाहून तो उठून उभा राहिला.

मी कार्ड त्याच्यासमोर धरलं. आणि वीस वर्षांत त्या ठेच्याच्या वेळचं एक वाक्य सोडलं तर बोलले नव्हते ती माझी बोली माझ्या तोंडून आपसूक आली, न अडखळता. “भाऊ, हे घ्या. मी सही केली. समद्यांना सांगितलं, मी तिकडचीच हाय म्हणून. लई उशीर केला. चुकलं माझं.”

त्यानं कार्ड डाव्या हातात घेतलं. चारही रकाने सावकाश वाचले, खालची सहीसुद्धा. मग ते माझ्या हातात परत दिलं.

“माफ़ कीजिए, मैडम,” तो म्हणाला. “ये ज़बान मुझे नहीं आती।”

त्याच्या बायकोनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग पदर सावरून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “चाय लेंगी आप?”